रविवारची पाच मिनिटं आधी थांबवा

प्रश्न : माझ्याकडे वडिलांची १९७२ची ॲम्बॅसेडर मार्क टू आहे, पेट्रोल इंजिन. गाव दर्यापूर तालुक्यात. गाडी कोठ्याशेजारच्या टिनाच्या शेडमध्ये उभी असते. लग्नसराईत, पोळ्याला अन् वर्षातून एकदा शेगावला जायला निघते, एरवी उभीच. तीन वर्षांपूर्वी इंजिन बांधलं होतं, पण ते फार चाललं नाही, बिगएंड (पिस्टनच्या रॉडची खालची बेअरिंगं) वाजायला लागले. गेल्या दिवाळीत पुन्हा क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, घासला. मेन बेअरिंग (क्रँक ज्यांवर फिरतो ती) वीस थौची अन् बिगएंडची तीस थौची बसवली (थौ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, क्रँक तेवढा घासल्यावर बसणारं माप). त्यानंतर गाडी जेमतेम आठशे किलोमीटर चालली असेल. आता इंजिन गरम झालं की उभ्या गाडीत ऑइलची लाल बत्ती लुकलुकते, रेस दिली की विझते. मिस्त्री म्हणतात, नव्वद नंबरचं ऑइल टाका, बत्ती जाईल. जावई म्हणतात, नव्या गाड्यांचं फाइव्ह डब्ल्यू थर्टी सिंथेटिक टाका. मी दर रविवारी पाच मिनिटं इंजिन चालू ठेवतो, बॅटरी अन् इंजिन दोन्ही चांगलं राहावं म्हणून. क्रँकमध्ये आता घासायला फार जागा उरलेली नाही. बेअरिंग टिकावीत यासाठी नेमकं काय करावं?

— एक वाचक, दर्यापूर तालुका

उत्तर : भाऊ, तुमच्या पत्रात जी गोष्ट सगळ्यात भल्याची म्हणून लिहिली आहे, तीच सगळ्यात जास्त झीज करते आहे. रविवारची पाच मिनिटं. ती या आठवड्यापासून थांबवा. नव्वद नंबर टाकू नका, फाइव्ह डब्ल्यू थर्टीही नको. आणि बत्तीचा छडा लागेपर्यंत गाडी लांब काढू नका. तीस थौनंतर तुमच्या क्रँकला चाळीस थौ हे एकच माप उरतं, त्यामुळे यावेळी अंदाजाने काही करायचं नाही.

तुमच्या गाडीचं १४८९ सीसीचं इंजिन मूळचं ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) बी सिरीजचं. चार सिलिंडरांचा क्रँक त्यात तीनच मेन बेअरिंगांवर फिरतो. मूळ मापात मेन जर्नल (क्रँकचा मेन बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) दोन इंचाचा असतो, क्रँकपिन (बिगएंडमध्ये फिरणारा भाग) त्याहून थोडी बारीक. जर्नल आणि शेल (बेअरिंगचा अर्धगोल तुकडा) यांच्यात ठेवायची फट साधारण एक ते दोन थौ, म्हणजे जास्तीत जास्त इंचाचे दोन हजारांश, ०.०५ मिलिमीटर. इंजिन फिरत असताना जर्नल शेलला टेकत नाही. पावसात भरधाव गाडीचा टायर पाण्याच्या थरावर तरंगतो, तसा तो ऑइलवर तरंगतो. हा थर सगळ्यात अरुंद जागी काही मायक्रॉनांचाच असतो. आता महत्त्वाचं : तो पंपाच्या दाबाने तयार होत नाही. पंप ऑइल फटीपर्यंत पोचवतो, एवढंच. थर धरतो तो जर्नलच्या फिरण्याने. इंजिन थांबलं की जर्नल खाली बसतो, धातूवर धातू टेकतो. पुढच्या स्टार्टला पहिले काही फेरे तो शेलवर घासतच निघतो. गाडी आठवडा-दोन आठवडे उभी असेल तर फिल्टर आणि नळ्यांतलं ऑइल खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत, उतरलेलं असतं, त्यामुळे हे घासणं काही सेकंदांनी वाढतं.

म्हणजे तुम्ही दर रविवारी इंजिनाकडून त्याचं सगळ्यात वाईट काम करून घेता आणि चांगलं काम सुरू व्हायच्या आत बंद करता.

त्यात पाणी आणि पेट्रोलची भर पडते. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. बरीचशी वाफ सायलेन्सरातून जाते, पण थोडी रिंगांच्या बाजूने चेंबरमध्ये उतरते. गार इंजिनात तिथेच तिचं पाणी होतं. चोक ओढलेला असतो, मग जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली नेतं. पाच मिनिटांत रेडिएटरचं पाणी कोमट झालं तरी चेंबरमधलं ऑइल गारच असतं, त्यामुळे हे पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही. आठवड्यामागून आठवडे ते साठतं, ऑइल पातळ आणि आम्लधर्मी होतं आणि उभ्या इंजिनात शेलच्या मऊ शिशाच्या थराला खातं. ऑइल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला बोट फिरवून बघा. पिवळट पांढरा चिकट थर लागला तर पाणी साठतंय हे नक्की समजा. बॅटरीचंही म्हणाल, तर गाडीला जुना डायनॅमो असेल तर आयडलवर तो जवळपास चार्जच करत नाही. स्टार्टर जेवढं ओढून घेतो तेवढंही पाच मिनिटांत परत येत नाही. त्यापेक्षा बॅटरीचं एक टर्मिनल सोडून ठेवा आणि महिन्यातून एकदा घरीच चार्जर लावा.

गाडी चालवायची तर नीट चालवा : तीन-चार आठवड्यांतून एकदा, किमान पाऊण तास, रस्त्यावर. दर्यापूरहून अंजनगावपर्यंत जाऊन परत येणं, एवढा फेरा पुरेसा. ऑइल ८० अंशांच्या वर जाऊन तिथे वीसेक मिनिटं राहिलं पाहिजे, तेव्हा आतलं पाणी आणि पेट्रोल ब्रीदरवाटे, म्हणजे इंजिनाच्या हवा सोडणाऱ्या नळीतून, निघून जातं. पाण्याचा काटा वर आला म्हणजे ऑइल गरम झालं असं नाही, त्याला जवळपास दुप्पट वेळ लागतो. तेवढा वेळ नसेल तर गाडी अजिबात चालू करू नका. उभी राहिल्याने होणारं नुकसान अशा अर्धवट चालण्याहून कमी आहे.

महिन्याहून जास्त उभी राहिलेली गाडी मात्र थेट स्टार्ट करायची नाही. चारही प्लग काढा. कॉइलला येणारी लो टेन्शनची वायर सोडून ठेवा, म्हणजे ठिणगी पडणार नाही. दोन महिन्यांहून जास्त उभी असेल तर प्लगच्या प्रत्येक भोकातून चमचाभर, पाच मिलीच्या आसपास, इंजिन ऑइल सोडा. मग स्टार्टर दहा सेकंद फिरवा, मिनिटभर थांबा, पुन्हा दहा सेकंद. प्लग नसल्याने कॉम्प्रेशनचा जोर नसतो, क्रँक हलका फिरतो आणि शेलवर भार येत नाही. बत्ती विझेपर्यंत किंवा गेज लावलेला असेल तर काटा १५-२० पौंडांवर (दर चौरस इंचाला) येईपर्यंत असं करा. सहसा तीन-चार वेळांत काम होतं. सहा वेळा फिरवूनही दाब आला नाही तर पंपाने ऑइल पकडलेलं नाही, पुढे जाऊ नका. या वेळी प्लगच्या भोकांतून पेट्रोलची वाफ बाहेर येते, तेव्हा शेडमध्ये बिडी-काडी नको. प्लग लावल्यावर स्टार्ट करा, पण ॲक्सिलरेटर पंप करत रेस देऊ नका. हजार-बाराशे फेऱ्यांवर अर्धा मिनिट, आणि मग हळू चालवत निघा. उभं ठेवून दहा मिनिटं गरम करणं हा रविवारचाच प्रकार आहे.

आता ऑइल. मिस्त्रींचा नव्वद नंबर हा गिअर ऑइलचा नंबर आहे आणि गिअर ऑइलची नंबरपट्टी इंजिन ऑइलच्या पट्टीहून वेगळी असते. १०० अंशांवर मोजलं तर नव्वद नंबरचं गिअर ऑइल हे चाळीस-पन्नास नंबरच्या इंजिन ऑइलएवढंच जाड भरतं. म्हणजे ज्या कारणासाठी ते टाकायचं, ते कारणच खरं नाही. वर त्यात दातांवरचा दाब सोसण्यासाठी घातलेली गंधकयुक्त रसायनं असतात. ती तांब्याच्या मिश्रधातूला बाधतात, आणि तुमच्या शेलच्या आतला थर तांबं-शिशाचा असू शकतो. काजळी धरून ठेवणारं, घाण धुणारं जे इंजिन ऑइलमध्ये असतं, ते त्यात नसतं. गार असताना ते इतकं जड असतं की बेअरिंगपर्यंत पोचायला वेळ लागतो. म्हणजे स्टार्टची झीज आणखी वाढली.

जावयांचं ऑइल वाईट नाही, ते दुसऱ्या इंजिनाचं आहे. १०० अंशांवर तीस नंबरच्या ऑइलची जाडी ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक असते, पन्नास नंबरची १६.३ ते २१.९. तुमचं इंजिन पन्नाशीच्या दशकातल्या फटी धरून आखलेलं आहे आणि आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४५ च्या पुढे जातो. त्यात तीस नंबर घातला तर फटीतून ऑइल भराभर वाहून जाईल आणि थर पातळ होईल. तुम्हाला लागतं ते २०डब्ल्यू-५०, साधं मिनरल, सीलबंद डब्यातलं. ट्रॅक्टरसाठी आणलेलं १५डब्ल्यू-४० डिझेल ऑइल अडीनडीला हिवाळ्यात चालेल, उन्हाळ्यात नको. खुलं ऑइल कुठल्याही भावात घेऊ नका. इंजिनात सुमारे चार लिटर लागतं. पाच लिटरचा डबा आणा, उरलेलं वर टाकायला आणि एअर क्लीनरला कामी येईल. नेमकं किती ते डिपस्टिकच्या वरच्या खुणेवरून ठरवा, त्या खुणेच्या वर भरू नका.

कधी बदलायचं, यात बहुतेक जण चुकतात. पावसाळा संपल्यावर, गाडी काढायच्या आधी नवं ऑइल टाकलं जातं. उलट करा. लग्नसराईतली शेवटची फेरी झाली की, जूनच्या सुरुवातीला, इंजिन गरम असतानाच जुनं ऑइल सोडा आणि नवं भरूनच गाडी पावसाळाभर उभी करा. जुन्या ऑइलमधलं आम्ल शेलवर चार महिने बसून राहता कामा नये. वर्षातून एकदा एवढं पुरे, किलोमीटर कितीही कमी झाले असले तरी. मात्र नव्या बांधलेल्या इंजिनाचं पहिलं ऑइल ५०० किलोमीटरला आणि दुसरं १५०० ला बदलायला हवं होतं. तुमचे आठशे झालेत. पहिलं बदललं नसेल तर आज बदला, फिल्टरसकट.

फिल्टरच्या बाबतीत एक घात होतो, तो आधीच सांगतो. तुमच्या गाडीला वाटीत बसणारा कागदी फिल्टर असेल तर वाटीच्या वरच्या खाचेत रबरी रिंग असते. जुनी रिंग तिथेच चिकटून राहते, दिसत नाही आणि तिच्यावर नवी बसवली जाते. इंजिन चालू झालं की दाबाने ऑइल बाहेर फेकलं जातं आणि काही मिनिटांत चेंबर रिकामा. खाचेत टोकदार सुई फिरवून जुनी रिंग निघाली याची खात्री करा. वाटी चढवण्याआधी तिच्यात निम्म्याहून जास्त ऑइल भरा, म्हणजे पहिल्या स्टार्टला पंपाला ती भरत बसावी लागणार नाही. निघालेला जुना फिल्टर फेकू नका. कागद कापून उघडा, उन्हात धरा. चुंबकाला चिकटतो तो लोखंडाचा चुरा. चुंबकाला न चिकटणारे करडे, चकाकणारे मऊ कण हे शेलच्या वरच्या थराचे. सोनेरी-तांबूस चमक दिसली तर वरचा थर जाऊन तांबं उघडं पडलंय. बेअरिंग वाजायच्या कितीतरी आधी फिल्टर हे सांगतो.

आता बत्ती. ही बत्ती चालू-बंद होते ती साधारण पाच-सात पौंडांच्या दाबाला. म्हणजे ती लागते तेव्हा फार उशीर झालेला असतो, आणि ती विझलेली आहे याचा अर्थ दाब पुरेसा आहे असा होत नाही. म्हणून बत्तीच्या जागी तात्पुरता का होईना, नळीचा मेकॅनिकल गेज लावा. बत्तीचं स्विच काढून दुकानात न्या आणि त्याच आट्यांचा जोड मागा. बत्ती ठेवून दोन्ही लावायचे तर टी घ्या. मग गाडी अर्धा तास चालवून दोन वाचनं घ्या : टॉपमध्ये ५० च्या वेगाला आणि पूर्ण गरम इंजिनाच्या आयडलला. पहिलं ४५ ते ६० पौंड आणि दुसरं १२ ते २० पौंड आलं तर इंजिन ठीक आहे, स्विच बदला. चालत्या गाडीत ३० च्या खाली किंवा आयडलला १० च्या खाली गेलं तर कारण शोधायचं. आयडल ७०० ते ८०० फेऱ्यांवर आहे ना, हे आधी बघा. तो ५०० वर लावलेला असेल तर चांगल्या इंजिनाचीही बत्ती लुकलुकते.

कारण शोधताना इंजिन उतरवण्यापासून सुरुवात करू नका. आधी डिपस्टिक. पातळी न भरता वाढली असेल, हुंगल्यावर पेट्रोलचा वास येत असेल, तर ऑइल पातळ झालंय. मेकॅनिकल फ्युएल पंप इंजिनाच्या अंगाला बसतो. त्याचा पडदा फाटला की पेट्रोल थेट चेंबरमध्ये गळतं. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या रबराचे पडदे त्यात लवकर फुगतात, चिरतात. पंप काढून पडदा बदला. इथेनॉलला टिकणारा पडदा हवा, असं दुकानदाराला स्पष्ट सांगा. सोबत कार्ब्युरेटरची सुई आणि फ्लोट बघा. ऑइल बदलून पुन्हा वाचन घ्या. तुमच्या रविवारच्या सवयीमुळे एवढ्यातच प्रश्न सुटण्याची शक्यता बरीच आहे.

नाही सुटला तर रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे ऑइलचा जादा दाब सोडून देणारी झडप. ब्लॉकच्या मागच्या बाजूला, डावीकडे, घुमटासारख्या डोक्याचा नट असतो, त्याखाली तांब्याचे वॉशर. आत स्प्रिंग आणि प्लंजर. प्लंजर काढून पेट्रोलने धुवा, बसायच्या जागेवर कचरा किंवा चीर आहे का बघा. प्लंजर अर्धवट उघडा अडकला असेल तर आयडलला दाब पडतो. पण स्प्रिंगखाली वॉशर घालून दाब वाढवायचा उद्योग करू देऊ नका. आयडलला हा व्हॉल्व्ह मुळातच बंद असतो, त्यामुळे वॉशरने तिथे काहीच फरक पडत नाही. वरच्या वेगाला मात्र काटा वर दिसतो आणि खरी झीज झाकली जाते.

त्यानंतर पंप. हा रोटरचा पंप आहे. आतल्या आणि बाहेरच्या रोटरच्या पाकळ्यांत ६ थौहून, बाहेरचा रोटर आणि बॉडीत १० थौहून, आणि वरून सपाट पट्टी ठेवून मोजलं तर ५ थौहून जास्त फट नको. फीलर गेजने दहा मिनिटांत कळतं. दोनदा इंजिन बांधूनही पंप जुनाच ठेवलेला असतो, हे आपल्याकडे सर्रास होतं. बांधणाऱ्याला विचारा.

हे सगळं ठीक निघालं तरच संशय बेअरिंगवर. फट वाढली की तिच्यातून निसटणारं ऑइल फटीच्या घनाने वाढतं. दोन थौची फट चार थौ झाली तर निसटणं दुप्पट नव्हे, आठपट. म्हणून एखादंच बेअरिंग गेलं तरी सगळ्यांचा दाब पडतो.

पहिलं बांधलेलं इंजिन लवकर का गेलं, याचा विचार केल्याशिवाय पुढे जाऊ नये. नवीन शेल इतक्या लवकर जातात तेव्हा कारण बहुतेक वेळा क्रँकच्या पोटात असतं. मेन जर्नलपासून क्रँकपिनपर्यंत आतून तिरपी भोकं पाडलेली असतात, ऑइल त्यातूनच बिगएंडला जातं. क्रँक घासताना सहाणेच्या दगडाचा चुरा या भोकांत भरतो. वरून धुऊन, पुसून क्रँक चकाचक दिसतो आणि इंजिन चालू झालं की तो चुरा थेट नव्या शेलमध्ये येतो. पंपानंतर फिल्टर आहे, पण क्रँकच्या आतल्या चुऱ्यापुढे तो काय करणार? प्रत्येक भोकातून बारीक लांब ब्रश आरपार फिरवणं, रॉकेल किंवा डिझेलने धुणं, हवेचा झोत मारणं आणि पांढऱ्या कपड्यावर काळं येईनासं होईपर्यंत पुन्हा तेच करणं, हा एकच उपाय. ब्लॉकच्या मुख्य गॅलरीचे (ऑइलच्या मुख्य वाहिनीचे) प्लगही काढून तसंच. बिगएंडच आधी वाजले, हे या शंकेला धरून आहे.

दुसरं कारण जास्त संतापजनक आहे. शेल सैल वाटला की कॅपची तोंडं कानशीने घासायची, किंवा शेलमागे पन्नी-कागद घालायचा. कॅप घासली की भोक गोल राहत नाही, लंबगोल होतं. पन्नी घातली की शेलची उष्णता लोखंडात जात नाही आणि एक दिवस शेल फिरून ऑइलचं भोकच बंद होतं. शेलचे दोन अर्धे भाग बसवल्यावर त्यांच्या कडा कॅपच्या तोंडापेक्षा थौभर वर राहाव्यात अशाच बनवलेल्या असतात. कॅप कसली की ते दाबाने घट्ट बसतात. त्या कडा घासून सपाट करणंही तितकंच घातक. तुमच्या मिस्त्रींना नीट विचारा : जर्नल मायक्रोमीटरने दोन दिशांनी मोजले का, फट प्लास्टिगेजने (फट मोजायच्या मऊ धाग्याने) पाहिली का, कॅप टॉर्क पान्याने कसल्या का. कॅप जिथली तिथेच बसायला हवी, आणि मेनचे नट बिगएंडच्या बोल्टांच्या जवळपास दुप्पट टॉर्कला कसले जातात. ‘हाताच्या अंदाजाने कसलं’ असं उत्तर आलं तर अंदाज तुम्हालाही येईल.

चालवण्याबद्दल. समोर बैलगाडी आली, वेग २५ वर आला आणि गाडी टॉपमध्येच, पाच माणसं बसलेली, तुम्ही ॲक्सिलरेटर दाबताय : त्या क्षणी बिगएंडच्या वरच्या शेलवर सगळ्यात जास्त भार आणि जर्नलचा वेग सगळ्यात कमी, म्हणजे थर सगळ्यात पातळ. ४० च्या खाली सरळ तिसऱ्यात या. इंजिन खडखडलं म्हणजे टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) पुढे आहे, ते मागे घ्या. त्या खडखडीत प्रत्येक स्फोट शेलवर हातोडा मारतो. क्लचवर पाय ठेवून गाडी चालवू नका, आणि रस्त्यात थांबावं लागलं तर न्यूट्रलमध्ये काढा. क्लच दाबला की क्रँक पुढे ढकलला जातो, तो भार मधल्या मेन बेअरिंगच्या थ्रस्ट वॉशरवर येतो. क्रँकची मागे-पुढे हालचाल दोन-तीन थौ असते. ती वाढली की क्लच दाबताना आयडल बदलतो, आवाज बदलतो.

धूळ. वाळूचा कण क्रँकच्या पोलादाहून कठीण असतो, आणि नेमका पाच ते वीस मायक्रॉनांचा कण, डोळ्यांना न दिसणारा, ऑइलच्या थराएवढाच असल्याने सगळ्यात जास्त ओरखडे काढतो. कापूस वेचणीपासून तूर निघेपर्यंत पांदणीवरचा फुफाटा तुम्हाला सांगायला नको. एअर क्लीनर ऑइल बाथचा असेल तर त्या हंगामात दर पंधरा दिवसांनी उघडा, गाळ काढा, रॉकेलने धुवा, खुणेपर्यंत ताजं ऑइल भरा. क्लीनर आणि कार्ब्युरेटरमधला रबरी जोड फाटलेला असेल तर क्लीनरचा काहीच उपयोग नाही. ब्रीदरची नळी, भरायच्या झाकणाची जाळी, डिपस्टिकचं टोपण, इथूनही धूळ जाते. ऑइलचं माप आणि नरसाळं उघड्यावर ठेवलेलं कधीच वापरू नका.

शेवटी पाणी. तुम्ही खारपाणपट्ट्यात आहात. बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये गेलं की जॅकेटमध्ये क्षार बसतात, इंजिन आतून तापतं, ऑइल पातळ होतं आणि हेड वाकून गास्केट गेलं तर कूलंट ऑइलमध्ये. ग्लायकॉल मिसळलेलं ऑइल बेअरिंग फार लवकर संपवतं. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट, तिसरा ते अर्धा भाग कूलंट, एवढंच भरा. थर्मोस्टॅट काढून टाकलेला असेल तर परत बसवा, साधारण ८२ अंशांचा. उन्हाळ्यात इंजिन गार राहावं म्हणून तो काढतात, पण हिवाळ्यात मग इंजिन कधी पुरतं तापतच नाही आणि सगळं पाणी ऑइलमध्ये राहतं.

इतकं करूनही गरम आयडलला दहा पौंडांच्या खालीच राहिलं, तर वाजायची वाट न बघता चेंबर उतरवा. ५०-६० च्या वेगाला पाय हलकेच उचलल्यावर येणारी टक्‌टक् ही बिगएंडची, आणि त्या सिलिंडरचा प्लग कट केला की ती कमी होते. चढावर भार घेताना खालून येणारी जड धप् ही मेनची. पण आवाज आला म्हणजे जर्नलही खराब झालेला असतो, आणि तुमच्या क्रँकला ते परवडणारं नाही. चेंबर उतरल्यावर एकच बिगएंड कॅप आणि मधली मेन कॅप काढून बघा. बिगएंडमध्ये भार वरच्या, म्हणजे रॉडमधल्या शेलवर येतो, मेनमध्ये खालच्या, कॅपमधल्या शेलवर. तेच दोन बघायचे. सगळीकडे सारखा मंद करडा रंग असेल तर परत बसवा. ओरखडे आणि रुतलेले कण म्हणजे चुरा. एकाच कडेला चकाकी म्हणजे रॉड वाकडा किंवा जर्नल निमुळता. तांबूस डाग म्हणजे शेल बदला, जर्नल मोजा, आणि माप व गोलाई एका थौच्या आत असेल तर पुन्हा न घासता त्याच तीस थौचे नवे शेल बसवा. कॅप काढण्याआधी पंचाने खुणा करा, कोणती कुठली आणि कोणत्या बाजूने. बसवताना बिगएंडच्या बोल्टखालच्या लॉक पट्ट्या नव्या घ्या, शेलवर ताजं ऑइल चोळा, आणि प्लग काढून दाब चढवल्याशिवाय स्टार्ट करू नका. गेज लावून घेतलेली दोन्ही वाचनं, तेव्हा इंजिनात कोणतं ऑइल होतं ते, आणि डिपस्टिकची पातळी वाढली होती का, एवढं आम्हाला लिहून पाठवा.